बसण्याआधीचं भय

पंचनदराव फरासांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द म्हणजे "थांबा". तंजावूरच्या त्या कॉलेजात मी इतिहास शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. जूनचा उकाडा, दोन जिने चढून आलेली, आणि स्टाफरूममध्ये पंख्याखाली एकच खुर्ची रिकामी. मी टेकणार तेवढ्यात मागून हा शब्द आला. उंच, किरकोळ अंगाचे, पांढरा शर्ट घातलेले आणि पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेले एक गृहस्थ पुढे झाले. त्यांनी खुर्चीवर दोन्ही तळवे ठेवले, उजवा गुडघा टेकवून अंगाचा भार दिला, खुर्ची इकडून तिकडे हलवली, मग वाकून चारी पायांचे सांधे बोटांनी चाचपले. आणि बाजूला होऊन म्हणाले, "आतां बसा बाई." तोवर माझी बसायची इच्छाच उडाली होती. बाकीची मंडळी पेपर तपासत होती. कोणी मानसुद्धा वर केली नाही.

आमच्या ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून तिकडे गेलो होतो. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. गावात नाक्यानाक्यावर एसटीडी बूथ निघत होते, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या आणि सोफा हप्त्यावर मिळतो हे लोकांना नुकतंच कळलं होतं. तिथे मराठी कानावर पडेल अशी मला आशा नव्हती. आणि पडली ती अशी, तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली, वाटेत तमिळ हेल उचललेली. पंचनदराव 'भीती' कधी म्हणत नसत, 'भय' म्हणत. त्यांच्या तोंडी तो शब्द दिवसातून दहा वेळा तरी यायचा.

मुलं त्यांना 'नार्काली सार' म्हणत. नार्काली म्हणजे खुर्ची. गंमत अशी की ते स्वतः कधी खुर्चीवर बसलेले कोणी पाहिले नव्हते. तीस वर्षं उभ्याने शिकवलं, स्टाफरूममध्ये खिडकीला टेकून उभे राहिले, घरी चटईवर बसले. कारण त्यांच्या आडनावातच होतं. मराठ्यांच्या राज्यात त्यांचं घराणं फरासखान्यात होतं. गालिचे अंथरायचे, गाद्या घालायच्या, आसनं मांडायची आणि राजा बसण्याआधी प्रत्येक आसन दोन्ही हातांनी आणि गुडघ्याने दाबून बघायचं. त्यात सुई आहे का, विंचू आहे का, पाय ढिला आहे का. ज्याने आसन मांडलं त्याने त्यावर बसायचं नाही, असा घराण्याचा नेम. राज्य जाऊन जवळपास दीडशे वर्षं झाली, राजा कोणी उरला नाही, तरी पंचनदरावांच्या लेखी जो कोणी बसणार तो त्यांच्याच जबाबदारीवर बसणार होता. मग ती सांगलीहून आलेली मास्तरीण का असेना.

मला त्यांनी आपल्या कामात ओढलं ते डिसेंबरात. प्राचीन लोकांच्या आसनांचा आणि पलंगांचा इतिहास ते वीस वर्षं लिहीत होते. तो लिहिला होता मराठीत, पण तमिळ लिपीत, कारण देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मी तो देवनागरीत उतरवावा असं ठरलं. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी त्यांच्या घरी जायची. ते चटईवर बसून वाचत आणि मी लिहून घेत असे. त्यांच्या पत्नी अंबुजाबाई, ज्यांना मी लवकरच अंबुजाक्का म्हणायला लागले, कॉफीचा टंबलर आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या की यांचं ऐकून तुम्हालाही एक दिवस भय धरेल. मी हसायची.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस जमिनीवरून उठून वर बसला तो ऐटीसाठी नव्हे, भयापायी. ओल, साप, विंचू, शेजारचा माणूस. ऐट मागाहून आली. इजिप्तच्या लोकांनी पलंगांना सिंहाचे पाय केले, तेही चारी पाय एकाच दिशेला चालल्यासारखे, कारण झोपलेल्या माणसाची कोणीतरी राखण करायला हवी. मानेखालच्या लाकडी टेकूवर त्यांनी भुतांना भिववणारा बुटका देव कोरला. मेलेल्याला त्या जगात भुईवर बसावं लागेल या भयाने थडग्यात खुर्च्या ठेवल्या, आणि आज आपण बघतो त्या बहुतेक त्याच. जिवंत माणसांच्या खुर्च्या कधीच मोडून चुलीत गेल्या. ग्रीकांची ती बाहेर वळलेल्या पायांची खुर्ची भांड्यांवरच्या चित्रांत जागोजाग आहे, पण प्रत्यक्षात एकही उरली नाही. हे सांगताना ते थांबले आणि म्हणाले, "सगळ्या मोडल्या बाई. कोण पडलें, कोणास लागलें, कोणी लिहून ठेविलें नाहीं."

बौद्ध भिक्षूंच्या जुन्या नियमांत एक गोष्ट आहे. माडीवरच्या भिक्षूने पाय सुटे असलेल्या बाकावर एकदम अंग टाकलं, पाय निसटला आणि खाली बसलेल्या भिक्षूच्या डोक्यावर पडला. तेव्हापासून माडीवर असलं आसन वापरायला बंदी झाली. पंचनदराव ही गोष्ट अशी सांगत, जणू कालच कुंभकोणमला घडली असावी. त्या खालच्या भिक्षूचं पुढे काय झालं याची त्यांना खरोखर काळजी होती.

एकदा त्यांनी मला लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकातलं चित्र दाखवलं. असीरियाचा राजा द्राक्षांच्या वेलीखाली पलंगावर रेललाय, हातात प्याला आहे. समोर उंच खुर्चीवर राणी बसली आहे, मागे पंखे घेतलेले चाकर. मला ते चित्र आवडलं, म्हटलं किती निवांत आहे. त्यांनी बोट डावीकडच्या झाडावर नेलं. फांदीला एक डोकं टांगलेलं होतं. हरवून मारलेल्या शत्रूचं. मला ते आधी दिसलंच नव्हतं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. राजा रेलला आहे पण झोपू शकत नाही, असं ते म्हणाले. मग राजाला सोडून त्यांचं बोट मागच्या चाकरांवर गेलं. दुसऱ्या पानावर खांद्यावरून खुर्च्या-मेजं वाहून नेणारी माणसं कोरलेली होती. ती त्यांनी मला नातलगांची ओळख करून द्यावी तशी दाखवली. "हे आमचे लोक," म्हणाले.

त्या वर्षात मी त्यांना आनंदात पाहिलं ते एकदाच. संस्कृतच्या एका शास्त्रीबुवांनी त्यांना वैदिक राज्याभिषेकातल्या आसंदीचं वर्णन वाचून दाखवलं होतं. उंबराच्या लाकडाचं, मुंजगवताने विणलेलं ते आसन. त्यावर चढण्याआधी राजा मागे जाऊन उजवा गुडघा टेकवतो, दोन्ही हातांनी ते धरतो, आधी देवांना त्यावर चढवतो आणि मग स्वतः चढतो. पंचनदराव सकाळी कॉलेजच्या फाटकातच माझी वाट बघत उभे होते. दोन्ही हात, उजवा गुडघा, सगळं तसंच. "राजा स्वतः दाबून पाहतो, बाई. राजासही भय होतें." बसणाराच बघतो म्हटल्यावर तो आठवडा त्यांनी कोणाच्या खुर्चीला हात लावला नाही. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण आठव्या दिवशी कॉलेजचा वार्षिक समारंभ आला, आणि त्याबरोबर प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या सुमारास मांडववाल्यांनी लोखंडी घडीच्या खुर्च्या काढून टाकून या पांढऱ्या, एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या आणायला सुरुवात केली होती. सगळ्यांना त्या फार आवडल्या. हलक्या, धुता येणाऱ्या, चकचकीत. पंचनदरावांनी त्या पाहिल्या आणि ते पांढरे पडले. लाकूड मोडण्याआधी बोलतं, करकरतं, माणसाला उठायला वेळ देतं, असं त्यांचं म्हणणं. याला सांधाच नाही. हे न बोलता मोडणार. त्यांनी समारंभाच्या दिवशी मैदानातल्या तीनशे खुर्च्या एकेक करून दाबायला घेतल्या. पाहुणे फाटकाशी आले तरी त्यांचं चाललेलंच. प्राचार्य चिडून लाल झाले, मुलांनी शिट्ट्या मारल्या. त्यांनी अकरा खुर्च्यांवर रंगीत खडूने फुली मारली आणि त्या बाजूला काढून ठेवल्या. कोणीतरी गडबडीत त्यातल्याच एकीची फुली पुसून ती पहिल्या रांगेत नेऊन ठेवली, आणि तिच्यावर संस्थेचे एक वजनदार सभासद बसले. भाषणाच्या मध्यावर खुर्चीचे मागचे दोन्ही पाय फाकले आणि ते गृहस्थ हळूहळू, हार गळ्यात असतानाच, जमिनीवर आले. लागलं काही नाही. लोक पोट धरधरून हसले, मीही हसले. मग माझं लक्ष पंचनदरावांकडे गेलं. ते मांडवाचा बांबू धरून उभे होते आणि फुली मारलेल्या बाकीच्या खुर्च्या पुन्हा मोजत होते. मला हसल्याची लाज वाटली.

त्यानंतर स्टाफरूममध्ये कोणी त्यांची थट्टा केली नाही. उलट लोक जरा बिचकून वागू लागले. गणिताचे मास्तर बसण्याआधी डोळ्यांनी त्यांची परवानगी घेऊ लागले. माझं मात्र फारच झालं. घरी जेवायला बसताना मी पाट दाबून बघायला लागले. ह्यांनी एकदा ताट समोर धरून विचारलं की आता आधी तू बसतेस, की राजा बसणार आहे. मी वरवर हसले, पण मनात धास्ती बसली होती. अंबुजाक्का म्हणाल्या होत्या ते खरंच झालं होतं, भय मला धरत होतं.

त्याच अंबुजाक्कांनी मला त्यांच्या सासऱ्यांची हकिगत सांगितली. राज्य गेल्यावरही पिढ्यान्पिढ्या फरासांना मोठ्या मराठी घरच्या लग्नकार्यांत आसनं मांडायला बोलावत. पंचनदराव कॉलेजात शिकत असतानाची गोष्ट. अशाच एका लग्नात सासऱ्यांच्या अंगात ताप होता. त्यांनी सगळी आसनं दाबली, एक राहिलं. त्या घरची म्हातारी नेमकी त्याच चौरंगावर बसली, पाय निखळला, तिचं माकडहाड मोडलं आणि तीन महिने अंथरुणावर पडून ती गेली. कोणी सासऱ्यांना बोल लावला नाही. फक्त त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. ते मरेपर्यंत रोज एकदा विचारायचे की त्या दिवशी मला कोणी थांबवलं का नाही. "तें ह्यांच्या मनांत बसलें," अंबुजाक्का म्हणाल्या, "आणि माझ्या रुक्कूच्या मनांतहि बसलें. मी काय करूं?"

रुक्कू म्हणजे रुक्मिणी, त्यांची एकुलती लेक. लग्न होऊन मदुरैला, तमिळ घरात गेली होती. दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्यांदा मात्र पाचवा महिना पार पडला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. शांत, बारीक चणीची मुलगी. मराठी सगळं समजायचं पण बोलताना तमिळवर जायची. ती आली त्या दिवसापासून ते घर बदललं. पंचनदरावांनी तिची खाट काढून टाकली आणि खाली चटई अंथरली. ओसरीवरच्या बाकाला दोरी बांधली, म्हणजे चुकून कोणी बसणार नाही. रिक्षात बसताना सीटवर आधी ते गुडघा टेकवत आणि रिक्षावाला काय चाललंय म्हणून बघत राही. ती उठली की हे उठत. ती ज्या बाजूला वळे तिकडे यांचे डोळे. आणि चेहरा असा व्हायचा, जणू ती आत्ता पडलीच.

आठ-दहा दिवसांत रुक्कूचं जेवण तुटलं. भिंतीला धरून चालायला लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि पुन्हा पाहिला. वाढला होता. त्यांनी औषध दिलं आणि अंबुजाक्कांना बाजूला घेऊन विचारलं की या मुलीला घरी कशाचं भय आहे. असंच चाललं तर मूल वेळेआधी होईल आणि ते हाती लागेल याची खात्री नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अंबुजाक्का माझ्याकडे येऊन रडल्या. घरात आता एकच गोष्ट पणाला लागली होती, रुक्कूचं मूल, आणि त्याला ज्याच्यापासून धोका होता तो त्याच्यावर जीव टाकणारा त्याचा आजोबाच होता. हे त्यांना कसं सांगायचं ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. त्यांच्याकडे गर्भार बाईला ऊंजलावर, म्हणजे तुळईला साखळ्यांनी टांगलेल्या फळीच्या झोपाळ्यावर बसवून ओटी भरतात आणि गाणी म्हणतात. ऊंजलावर बसायचंच नाही असं पंचनदराव म्हणाले. सासरच्या बायका मदुरैहून येणार, त्यांच्यासमोर लेकीला चटईवर बसवायचं का, असं अंबुजाक्का म्हणाल्या. त्या माउलीने जन्मात पहिल्यांदा नवऱ्यापुढे आवाज चढवला असावा. शेवटी ते तयार झाले, पण ऊंजल आपण तपासू म्हणाले. सुताराला, तिथे त्याला आसारी म्हणतात, तीनदा बोलावलं. तुळईच्या कड्या काढून नव्या बसवल्या. फळीवर भाताची दोन पोती तीन दिवस ठेवून दिली. आसारी कंटाळून म्हणाला की या झोपाळ्यावर आता देवळातला हत्तीही बसवता येईल. पंचनदरावांनी मान हलवली आणि साखळीची एकेक कडी पुन्हा बोटांनी चाचपायला घेतली. मी ते बघत होते. मला वाटलं, हा माणूस स्वतःला आतून कुरतडतोय, आणि मला त्यांचा राग आला.

त्या दुपारी ओसरी बायकांनी भरली होती. ऊंजलाला मोगऱ्याच्या माळा गुंडाळल्या होत्या. रुक्कू हिरवं लुगडं नेसून, हातभर बांगड्या भरून आली. बायका बाजूला झाल्या. ती फळीपर्यंत गेली आणि थांबली. पंचनदराव आतल्या दाराशी उभे होते. बायकांच्या कार्यात ते नको होते, पण त्यांना तिथून हलवणार कोण. रुक्कूने त्यांच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे तिच्या पायांवर खिळलेले होते. रुक्कूने साखळीकडे नेलेला हात मागे घेतला. सासूबाई तमिळमधून म्हणाल्या बस की गं. ती बसेना.

मग रुक्कू बोलली. हळू, आणि मराठीत, मदुरैच्या बायकांना कळू नये म्हणून.

"अप्पा, ऊंजलाचें मला भय नाहीं. तुमच्या तोंडाकडे पाहिलें कीं भय वाटतें. लहानपणापासून."

दाराची चौकट सोडून पंचनदराव आत गेले, मागच्या दाराने परसात आणि परसातून बाहेर. कडी वाजल्याचं आम्ही ऐकलं. रुक्कूने डोळे पुसले, फळीवर हात टेकला आणि बसली. साखळ्या ताणल्या. काही झालं नाही. बायकांनी सुस्कारा टाकून गाणं धरलं. अंबुजाक्का गात होत्या आणि रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी पंचनदराव कॉलेजात आले ते तिरुवैयारूच्या बसने. नदीकाठी गाण्याच्या एका पाठशाळेत शिकवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांची मागची खोली त्यांनी घेतली होती. पोर बाळंत होऊन सुटेपर्यंत घरी जाणार नाही, एवढंच मला म्हणाले. घर कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. ते रोज संध्याकाळी त्याच्या उलट दिशेला जाऊन बस पकडत. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन विचारत, पोर जेवली का, झोपली का, पाय सुजले नाहीत ना. आणि मी सांगत असताना खाली बघत. एकदा मी त्यांना स्टाफरूमच्या कपाटाआड पाहिलं. भिंतीवरच्या छोट्या आरशासमोर ते उभे होते आणि चेहरा सैल करायचा प्रयत्न करत होते. भुवया वर, ओठ जरा उघडे, पुन्हा तसंच. मी चाहूल न देता मागे फिरले.

रुक्कू जेवायला लागली. खाटेवर झोपायला लागली. रक्तदाब खाली आला, आणि डॉक्टरीणबाईंनी या वेळी अंबुजाक्कांच्या पाठीवर थाप मारली. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा पंचनदरावांचं कॉलेजात येणं थांबलं आणि बातमी न्यायचं काम बंद पडलं. मला दिवस मोजवेनात. सगळं नीट होईल असं लोकांना सांगायची आणि रात्री अंथरुणावर मला तो बौद्ध भिक्षू आठवायचा, ज्याच्या डोक्यावर काही कारण नसताना बाकाचा पाय पडला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी रुक्कूला मुलगी झाली. दिवस भरलेले, वजन चांगलं, रडणं खणखणीत. अंबुजाक्कांनी मला दवाखान्यातूनच तिरुवैयारूला धाडलं, आणि त्यांना घेऊनच या म्हणाल्या. बस कालव्याकाठाने चालली होती. शेतं कोरडी होती, धरणाचं पाणी अजून सुटायचं होतं. मी खिडकीशी बसून हसत होते, आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

पंचनदराव खोलीबाहेरच्या पायरीपाशी उभे होते. मला रस्त्यावर पाहिल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. मी लांबूनच म्हटलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्यांनी विचारलं, दोघी? मी म्हटलं, दोघी. मग ते तोंडावर उपरणं धरून रडले. बराच वेळ रडले. पाठशाळेतलं गाणं थांबलं आणि एक पोरगी बाहेर येऊन बघून गेली. रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, नवा शर्ट घातला, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि म्हणाले, "चला बाई."

स्टँडपर्यंत ते भरभर चालले. एवढे मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पोरीचं नाक कोणासारखं, केस आहेत का, रुक्कू काय म्हणाली, सगळं विचारत होते. तंजावूरची बस लागलीच होती. मी चढले, खिडकीशी जागा धरली आणि त्यांच्यासाठी शेजारी पर्स ठेवली. ते खालीच उभे राहिले. मी हात केला. त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं.

"बाई, पोरें बसायला केव्हां शिकतात?"

मी म्हटलं, सहाव्या-सातव्या महिन्यात. चला ना, बस सुटेल.

"पडत पडतच शिकतात कीं नाहीं?"

मी म्हटलं, हो, सगळीच पडतात.

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "ती बसेल आणि पडेल, आणि पडली कीं माझ्या तोंडाकडे पाहील. रुक्कूनें पाहिलें होतें."

कंडक्टरने शिट्टी मारली. मी म्हणत होते की असं काही नसतं, आजोबांनी यायला हवं, अंबुजाक्का वाट बघताहेत, आणि मला स्वतःचंच बोलणं खोटं वाटत होतं. त्यांनी कापडी पिशवी गजांतून आत सरकवली. तीत तान्ह्या मुलाची मलमलची झबली होती, त्यांनी स्वतः आणलेली, धुऊन घडी केलेली. ती बसायला शिकली की कळवा, मग येतो, म्हणाले. घरी काय सांगू असं मी विचारलं, तर म्हणाले, "येत नाहीं म्हणून सांगा. भय वाटतें म्हणून सांगूं नका."

पिशवी मांडीवर घेऊन मी मागे वळून पाहिलं. ते स्टँडच्या कडेला उन्हात उभे होते आणि बसकडे बघत होते. सप्टेंबरात ह्यांची पुन्हा बदली झाली आणि आम्ही तंजावूर सोडलं, तेव्हा मुलगी चौथ्या महिन्यात होती आणि पंचनदराव तिरुवैयारूलाच होते. ती उशीचा टेकू देऊनही अजून बसत नव्हती.